पान्याच्या जोडीला मल्टिमीटर
तेलंगणाने नोव्हेंबर 2024 मध्ये विजेच्या गाड्यांचा रस्ता कर माफ केला. हैदराबादेत त्या वाढणार, पण दुरुस्त कोण करणार? टाटा टेक्नॉलॉजीजच्या साथीने 65 आयटीआयचा कायापालट जून 2024 मध्ये शहरातल्याच मल्लेपल्लीतून सुरू झाला, हे चांगलंच. मात्र आयटीआयचा बाक मुख्यतः दहावी झालेल्या पोरांसाठी. आयुष्यभर कार्बोरेटर खोलणाऱ्या मिस्त्रीला, नारिंगी केबल दिसली की आधी इन्सुलेटेड हातमोजे चढवायचे, वीज तोडायची, मगच मल्टिमीटर लावायचा, हे कोण शिकवणार? कंपन्या शिकवतील, म्हणतात. शिकवतील की, पण आपल्या पगारी माणसांना, आपल्याच गाडीपुरतं! शिवाय दिवसा वर्गात बसलं की मिस्त्रीची रोजी बुडते. तेव्हा संध्याकाळचे वर्ग आणि बुडालेल्या रोजीची भरपाई हा खर्च करमाफीच्या हिशेबातच धरायला हवा.