अमावास्येचा अंधार आणि गावाचे दिवे

दीपावलीची मुख्य रात्र आश्विनातल्या अमावास्येची. वर्षातल्या इतक्या उजळ रात्री सोडून आपल्या पूर्वजांनी लक्ष्मीपूजनास चंद्रहीन रात्र पत्करली, यात त्यांची रसिकता दिसते. भोवती अंधार असेल तरच पणतीच्या ओळीला शोभा आणि अर्थ. हा अंधारच आता आपल्या खेड्यापाड्यांतून उठू लागला आहे आणि त्याची दखल मात्र कोणी घेत नाही, असे आम्हास खेदाने म्हणावे लागते.

खंडाळा तालुक्याचेच पाहावे. पुण्याहून साताऱ्याकडे येताना नीरा ओलांडली की शिरवळ लागते, मग खंडाळा, आणि पुढे खंबाटकीचा घाट. महामार्ग, औद्योगिक वसाहत, ढाबे, पेट्रोलपंप, मंगल कार्यालये आणि त्यांच्या कमानी यांचा प्रकाश रात्रभर वर फेकला जातो. चौकाचौकांत हायमास्ट उभे राहिले. ज्या वाडीत पूर्वी चार पिवळे दिवे मिणमिणत, तिथे पांढरेशुभ्र एलईडी लागले. वीज कमी लागते, म्हणून दिवे मात्र वाढले. त्यातून निळसर पांढरा प्रकाश हवेत पिवळ्यापेक्षा अधिक विखुरतो. दिवा पायाखाली उजेड पाडण्यासाठी लावावा आणि उजळावे आभाळ, असा हा व्यवहार झाला आहे.

आभाळ उजळले तर बिघडले काय, असे कोणी विचारील. धर्मशील घरांना तरी याचे उत्तर सांगावे लागू नये. विवाहविधीत वधूवरांस ध्रुव आणि अरुंधती दाखविण्याची चाल आहे. सप्तर्षींतल्या वसिष्ठाशेजारची ही अरुंधती चौथ्या प्रतीची मंद तारका आहे; शहरी आभाळात ती नुसत्या डोळ्यांस दिसत नाही. गुरुजी मांडवाबाहेर नेऊन बोट दाखवितात, वधूवर मान डोलावतात आणि सर्व जण आत जेवायला वळतात! ज्या कृत्तिकांवरून कार्तिक मासास नाव मिळाले, तो पुंजका घरातल्या किती मुलांना ओळखता येईल? 2023 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने जगभरच्या हौशी निरीक्षकांच्या 2011 ते 2022 मधील नोंदी तपासल्या. आकाशाची उजळण वर्षाला सुमारे 9.6 टक्क्यांनी वाढत असल्याचे त्यात आढळले. म्हणजे ज्या आभाळात आज अडीचशे तारे दिसतात, तिथे आज जन्मलेले मूल अठरा वर्षांचे होईल तेव्हा शंभरच उरतील.

शेतकऱ्याचा प्रश्न याहून रोकडा आहे. सणासुदीला ज्या शेवंतीवाचून हार होत नाही, ती रात्र पुरेशी लांबल्याशिवाय कळी धरीत नाही. म्हणूनच फुलोरा लांबवू पाहणारे बागायतदार रात्री मुद्दाम दिवे लावतात. सोयाबीनचा स्वभावही तसाच. सडकेच्या प्रखर दिव्याखाली येणारा सोयाबीनचा पट्टा बाकीचे शेत पिकून पिवळे झाले तरी हिरवाच राहतो, शेंगा उशिरा धरतो. पावसाळ्याच्या तोंडी सह्याद्रीत चमकणाऱ्या काजव्यांची भाषाच प्रकाशाची. झगमगाटात नर-मादीस एकमेकांचे इशारे कळत नाहीत.

चोराचिलटाचे, विंचूकाट्याचे, बिबट्याचे भय खरे आहे. रात्री घराबाहेर पडणाऱ्या स्त्रियांस रस्त्यावर उजेड हवा, हेही खरे. दिवे काढून टाका असे आम्ही म्हणत नाही. माउलींची पालखी लोणंद मुक्कामी येते तेव्हा वारकऱ्यांच्या राहुट्यांभोवती रात्रभर लख्ख उजेड असलाच पाहिजे. परंतु डोळ्यांवर येणारा उघडा झोत माणसाला दिपवितो आणि त्यापलीकडची सावली अधिकच काळी करतो. झाकण घातलेला, खाली वळविलेला, मध्यम दिवा रस्ता अधिक स्वच्छ दाखवितो. आपला आकाशकंदील यापेक्षा सुज्ञ म्हणावा लागेल: उंच टांगलेला, पण कागदाच्या आड सौम्य केलेला.

हे केवळ कल्पनेतले नव्हे. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पास जानेवारी 2024 मध्ये देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतील शंभराहून अधिक दिवे जिल्हा नियोजनाच्या निधीतून बदलून जमिनीकडे रोख असलेले लावले गेले. गावे अंधारात गेली नाहीत. फक्त उजेड जागेवर आला. तेथे जंगल होते म्हणून हे घडले, हे मान्य. परंतु निधीचा मार्ग काही जंगलापुरता नाही.

हिशेबही पाहावा. समजा, चौकातल्या हायमास्टवर दोनशे वॅटचे सहा दिवे आहेत आणि ते बारा तास जळतात. रात्रीस 14.4 युनिट झाले. रात्री अकरा ते पहाटे पाच निम्मेच दिवे ठेवले, तर वर्षाकाठी तेराशेहून अधिक युनिट वाचतील, तेही एकाच खांबावर. पथदिव्यांच्या थकबाकीपायी 2021 साली राज्यातील अनेक गावांचे दिवेच तोडले गेले होते, हे स्मरणात असलेल्या सरपंचांस हा आकडा क्षुल्लक वाटणार नाही.

तेव्हा नव्या दिव्यांच्या खरेदीचा ठराव ग्रामसभेपुढे येईल, त्या वेळी ग्रामस्थांनी किंमत आणि हमी यांबरोबर आणखी तीन गोष्टी विचाराव्यात: दिव्यास वरून झाकण आहे काय, त्याचा रंग 3000 केल्विनच्या आत उबदार आहे काय, आणि मध्यरात्री तो मंद करण्याची सोय आहे काय. दुकानाची पाटी आणि देवळाचे शिखर यांवरचे झोत तर शेजारती झाल्यावर मालवले, तरी कोणाचे काही अडत नाही. जुन्या दीपमाळेतले तेलही रात्रभर पुरत नसे.

नरकचतुर्दशीस अभ्यंगस्नानासाठी घर पहाटे उठतेच. अंगणातला मोठा दिवा लावण्यापूर्वी मुलांना ईशान्येकडे पाहावयास सांगावे. त्या वेळी सप्तर्षी तिकडे वर येत असतात.