अंगणातलं लग्न, पण कोणाच्या मर्जीचं?

हॉल नको, घराच्या अंगणातच लग्न करू, आणि तेही आपल्या आवडीच्या ‘थीम’वर, असं आता चिपळूण-पोफळीकडची मुलंही म्हणू लागली आहेत. वडीलधाऱ्यांना हे मुंबईचं खूळ वाटतं. पण कोकणातल्या अंगणात दर कार्तिकात एक लग्न लागतंच की. वृंदावनाला रंग चढतो, शेजारी मामा म्हणून ऊस उभा राहतो, चिंचा-आवळे कुंडीत पडतात, अंतरपाट धरून मंगलाष्टकं होतात आणि चुरमुऱ्यांसाठी पोरं वाडीभर घरं पालथी घालतात. नवरा कृष्ण, नवरी तुळस. याहून पक्की थीम कुठला इव्हेंटवाला देणार?

माणसांच्या लग्नालाही हे नवं नाही. तेराव्या शतकात ऋद्धिपूरला महानुभाव पंथाच्या गोविंदप्रभूंच्या लग्नाचा घाट घातला गेला, तेव्हा महदंबेने कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहावर धवळे, म्हणजे लग्नगीतं, रचले. मराठीतली आद्य कवयित्री आपल्याला भेटते ती अशी, एका लग्नासाठी खास रचना करताना.

तरीही जुन्या अंगणाच्या आठवणीने गहिवरणाऱ्यांशी माझं जमत नाही. मांडव देखणा असे, यात शंका नाही. पोफळीचे सोट रोवून वर माडाचे झाप, दाराशी केळीचे खांब, आंब्याचे टाळ. मुहूर्तमेढ रोवली की वाडी कामाला लागे. त्याचे पैसे कोणी मोजत नसे. शेजाऱ्यांच्या घरच्या कार्याला आपण राबलो की ऋण फिटे. पण त्याच अंगणात पंगतीला कोण बसणार आणि कडेला कोण थांबणार, हे जात ठरवी. वाटण-घाटण बायकांच्या गळ्यात, आणि घरच्या कित्येकींनी मंगलाष्टकं ऐकली ती चुलीपाशी बसून. नवरीला काय हवं, हे विचारायची तर रीतच नव्हती. मंगल कार्यालयं आली तेव्हा लोकांनी ती उगीच डोक्यावर घेतली नाहीत. पोफळी गावाची तर गोष्टच वेगळी. कोयना प्रकल्पाचं काम १९५० च्या दशकात सुरू झालं, १९६२ पासून इथल्या भूमिगत वीजगृहातून वीज निघू लागली, आणि गावाला प्रकल्पाची वसाहत चिकटली. क्वार्टरला असं कितीसं अंगण असणार? तिकडे घाटमाथ्यावर कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली गेलेल्या गावांची तर अंगणंच बुडाली.

लग्न खऱ्या अर्थाने आपलं करून घेणाऱ्यांनी सजावटीला हातच लावला नाही. त्यांनी विधी बदलला. सत्यशोधक समाजाची स्थापना २४ सप्टेंबर १८७३ ची. त्याच वर्षी २५ डिसेंबरला पुण्यात सीताराम आल्हाट आणि राधा निंबणकर यांचं पहिलं सत्यशोधक लग्न लागलं, भटजींशिवाय. त्यामागे सावित्रीबाई फुल्यांचा पुढाकार होता आणि पानसुपारीपलीकडे खर्च जवळजवळ नव्हताच. जोतीराव फुल्यांनी रचलेल्या मंगलाष्टकांत वधू स्त्रियांचे हक्क मागते आणि वर ते मिळवून देण्याची शपथ घेतो. दीडशे वर्षांनंतर आज किती नवरदेव हे माइकवर म्हणायला तयार होतील?

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण तर याहून साधं. १२ जून १९४६ रोजी रत्नागिरीत सुनीता ठाकूर आणि पु. ल. देशपांडे यांचं लग्न झालं, वधूच्या घरी, नोंदणी पद्धतीने. साक्षीला वधूच्या वडिलांचे वकील मित्र, खर्च आठ आण्यांच्या छापील अर्जाचा. सुनीताबाईंचं ‘आहे मनोहर तरी’ वाचलेल्यांना हे ठाऊक आहेच. त्या लग्नाला ना मांडव होता ना वाजंत्री, पण ते दुसऱ्या कोणाचं वाटत नाही.

पुढे कोरोनाच्या काळात, एप्रिल २०२१ मध्ये, सरकारने लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास एवढीच मुभा ठेवली. पुष्कळांनी नाइलाजाने घरात आणि अंगणात अक्षता टाकल्या, आणि चारशे पानं न उठताही लग्न लागतं, हे घराघरांत कळून चुकलं. आजच्या हौसेचं मूळ त्यात बरंच आहे, असं मला वाटतं.

तेव्हा पोफळीत अंगणातच करायचं असेल तर जरूर करा. तारीख तुळशीच्या लग्नानंतरची आणि मेच्या मध्याआधीची धरा. सह्याद्रीच्या पायथ्याचा पाऊस कोणाची थीम बघत नाही. गाड्या कुठे लावायच्या, म्हाताऱ्यांना सावली कुठे, घरातलं एकुलतं न्हाणीघर किती जणांना पुरणार, हे आधी बघा. झाप मिळत असतील तर प्लॅस्टिकची फुलं कशाला आणता? स्वयंपाक आचाऱ्याकडे सोपवा, म्हणजे आई आणि काकू मांडवात बसतील. आणि खर्चाच्या वहीत फुलांच्या आधी दोन नावं टाका: वधू-वरांची वचनं कोण लिहिणार, आणि दुसऱ्या पंगतीला वाढायला घरातले कोणते पुरुष उभे राहणार.