तारखांचा मेळ आणि पवनार

धाम नदीकाठच्या पवनार आश्रमात विनोबा भावे यांनी १५ नोव्हेंबर १९८२ रोजी देह ठेवला. १९४९ मध्ये याच तारखेला गांधीहत्येबद्दल नथुराम गोडसे आणि नारायण आपटे यांना अंबाल्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली होती. विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा. त्यांना अकरा वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, १९०६ मध्ये, जोहान्सबर्गच्या एम्पायर नाट्यगृहात हिंदी लोकांनी अन्यायी कायदा न पाळण्याची शपथ घेतली. गांधींच्या सत्याग्रहाचा आरंभ तिथला. हा मेळ नियतीने घडवला, असे मानण्याचा मोह पडतो.

पण हे मत टिकत नाही. जोहान्सबर्गची सभा भरली ती ट्रान्सवाल सरकारने ऑगस्टमध्ये आशियाई लोकांच्या सक्तीच्या नोंदणीचा मसुदा प्रसिद्ध केला म्हणून. ११ सप्टेंबरलाच १९७३ मध्ये चिलीत लष्कराने आयेंदे यांचे सरकार उलथवले आणि २००१ मध्ये न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळले. यांतला एक योग संकेत म्हणून उचलायचा आणि बाकीचे सोडायचे, ही निवड सांगणाऱ्याची असते. शिवाय मेळ दिसतो तो फक्त इंग्रजी तारखेने. १९८२ चा तो दिवस आश्विन अमावस्येचा, लक्ष्मीपूजनाचा आणि महावीर निर्वाणाचा होता. १९४९ ची दिवाळी मात्र ऑक्टोबरातच होऊन गेली होती. तिथीने पाहिले तर फाशी आणि देहत्याग एका दिवशी येतच नाहीत.

जोहान्सबर्ग आणि विनोबा यांचा खरा धागा वेगळ्याच तारखेत आहे. १७ ऑक्टोबर १९४० रोजी गांधींनी निवडलेले पहिले वैयक्तिक सत्याग्रही म्हणून विनोबांनी पवनारमध्ये युद्धविरोधी भाषण केले. चारच दिवसांनी त्यांना अटक झाली. १९०६ ची शपथ येथे एका माणसाच्या कृतीत उतरली, आणि त्यासाठी तारीख जुळावी लागली नाही.

तारखेला अर्थ येतो तो माणसे ती जाणून पाळतात तेव्हा. १२ फेब्रुवारी १९४८ रोजी गांधींच्या अस्थी पवनारला धाम नदीत विसर्जित झाल्या. म्हणून त्या दिवशी तेथे सर्वोदय मेळा भरू लागला आणि लोक स्वतः कातलेल्या सुताची गुंडी अर्पण करू लागले. विनोबांनंतर १५ नोव्हेंबरचेही तसेच झाले. त्यांच्या स्मृतिदिनी आश्रमातील ब्रह्मविद्या मंदिरात मित्रमिलन भरते, आणि सर्वोदयाचे कार्यकर्ते त्यासाठी गावोगावहून पवनारला येतात.