सुरांमागची गोष्ट : बार्टोक, न्यूयॉर्क आणि एक बाजारू गाणं

गेल्या वर्षी या सदरात हायडनच्या 'फेअरवेल' सिम्फनीची गोष्ट सांगितली होती. 1772 साली प्रिन्स एस्टरहाझीच्या उन्हाळी महालात अडकून पडलेले वादक शेवटच्या भागात एकेक करून मेणबत्ती विझवतात आणि उठून जातात. मालकाला इशारा कळतो आणि सगळ्यांना घरी जायला मिळतं. ती गोष्ट सांगायला सोपी होती, शेवट गोड होता. यंदाची गोष्ट जरा अवघड आहे, कारण यातल्या माणसाला घरी परत जायला मिळालंच नाही.

न्यूयॉर्कमध्ये कार्नेगी हॉलमधून बाहेर पडून 57व्या रस्त्यानं पश्चिमेकडे चालत गेलात आणि आठवा ॲव्हेन्यू ओलांडलात की लगेच 309 क्रमांकाची इमारत लागते. तिथं बेला बार्टोक यांच्या नावाची पाटी आहे. त्यांच्या आयुष्याचं शेवटचं वर्ष याच इमारतीत गेलं. मैफल संपल्यावर आपल्याला जेवणाची आणि परतीच्या गाडीची घाई असते, त्यामुळे पाटीकडे कुणाचं लक्ष जात नाही. पण पुढच्या वेळी दोन मिनिटं थांबा.

बार्टोक यांचा जन्म 1881चा, तेव्हाच्या हंगेरीतल्या एका लहान गावात. ते गाव आज रुमानियात आहे. वडील लवकर गेले. आईनं पियानोच्या शिकवण्या करून मुलांना वाढवलं. बार्टोक मोठे पियानोवादक झाले असते आणि तेवढ्यावरच थांबले असते. पण 1904च्या उन्हाळ्यात एका खेड्यात मुक्कामाला असताना शेजारच्या खोलीतून गाणं कानावर आलं. लिदी दोशा नावाची ट्रान्सिल्व्हेनियाची एक तरुण मुलगी, मुलं सांभाळायच्या कामावर असलेली, लाल सफरचंदाचं गाणं म्हणत होती. त्यांनी तिला बसवून घेतलं आणि तिची गाणी लिहून घेतली. इथून त्यांचं आयुष्य बदललं.

त्यांच्या लक्षात असं आलं, की बुडापेस्टच्या हॉटेलांमध्ये जिप्सी वादकांचे ताफे जे वाजवतात आणि लिस्ट, ब्राम्ससारखे दिग्गजही ज्याला हंगेरीचं लोकसंगीत समजले, ती गाणी बरीचशी शहरी मंडळींनी रचलेली आहेत. खरं जुनं गाणं खेड्यातल्या म्हाताऱ्यांच्या गळ्यात आहे आणि त्या म्हाताऱ्यांबरोबर ते जाणार आहे. मग मित्र झोल्तान कोडाय आणि ते, दोघं एडिसनचा फोनोग्राफ आणि मेणाच्या नळकांड्या घेऊन गावोगाव फिरू लागले. जात्यावरच्या ओव्या म्हणून दाखव म्हटल्यावर आपल्याकडची एखादी आजी जशी पदर तोंडाला लावेल, तशाच तिकडच्या आज्याही लाजत. शहरातल्या साहेबाला आमची गाणी कशाला हवीत, हा संशय वेगळाच. बार्टोक यांनी हजारो गाणी जमवली, आणि तीही फक्त हंगेरियन नव्हे. स्लोव्हाक, रुमानियन, अल्जीरियातली अरबी, तुर्कस्तानातली, सगळी. गाणं कुठल्या जमातीचं यावर त्याची किंमत त्यांनी कधी ठरवली नाही. त्या काळातल्या मध्य युरोपात ही फार धोक्याची भूमिका होती.

नाझींचा त्यांना तिटकारा होता. हंगेरी त्याच वाटेनं निघाली आहे हे दिसत होतं, पण आई होती. म्हातारी आई मागे ठेवून निघायचं कसं, या प्रश्नाची ओळख या अंकाच्या वाचकांना करून द्यायला नको. डिसेंबर 1939मध्ये आई गेली. पुढच्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी मृत्युपत्र केलं. त्यात अट घातली, की हिटलर आणि मुसोलिनी यांची नावं हंगेरीतल्या कुठल्याही रस्त्याला किंवा चौकाला असेतोवर माझं नाव कशालाही द्यायचं नाही. मग बुडापेस्टमध्ये निरोपाची मैफल केली आणि पत्नी डिट्टा यांच्यासह ते निघाले. 1940च्या ऑक्टोबरअखेर दोघं न्यूयॉर्कला उतरले. जड सामान मात्र स्पेनच्या सरहद्दीवरच अडकलं, ते पुढे काही महिन्यांनी पोचलं.

अमेरिकेनं त्यांना उपाशी मारलं, असं आपण कुठेकुठे वाचतो. मला ते तितकंसं पटत नाही. कोलंबिया विद्यापीठानं सन्माननीय डॉक्टरेट दिली आणि कामही दिलं. मिलमन पॅरी या हार्वर्डच्या प्राध्यापकानं युगोस्लाव्हियात ॲल्युमिनियमच्या तबकड्यांवर ध्वनिमुद्रित केलेली गाणी ऐकून त्यांचं स्वरलेखन करायचं होतं. बार्टोक त्यात रमले. पण हे काम तात्पुरतं होतं. पियानोच्या मैफली कमी होत गेल्या. रचना करायला शिकवा, असं कुणी म्हटलं तर ते नकार देत, कारण ती शिकवता येते हेच त्यांना मान्य नव्हतं. मदत म्हणून दिलेला पैसा तर ते घ्यायचेच नाहीत. आपल्या आजोबांच्या पिढीतला ताठ कणा आठवा, म्हणजे माणूस डोळ्यांसमोर येईल. शिवाय नवं काही सुचतच नव्हतं. पहिली दोन-अडीच वर्षं नवी म्हणावी अशी एकही रचना नाही.

1943च्या सुरुवातीला हार्वर्डमध्ये व्याख्यानं देत असताना ते कोसळले. वजन चाळीस किलोच्या आसपास आलं. तो रक्ताचा कर्करोग होता, हे नंतर उघड झालं. ते सभासद नसतानाही अमेरिकन संगीतकारांच्या संस्थेनं, म्हणजे 'ॲस्कॅप'नं, उपचारांचा भार उचलला. व्हायोलिनवादक योझेफ सिगेती आणि संगीतसंचालक फ्रित्झ राइनर हे दोघंही हंगेरीचेच. त्यांना कळून चुकलं होतं, की याला पैसे देऊ केले तर हा फेकून देईल. काम देऊ केलं तर कदाचित घेईल. त्यांनी बोस्टन सिम्फनीचे कुसेवित्स्की यांना गाठलं. कुसेवित्स्की रुग्णालयात आले. दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ एक वाद्यवृंदरचना हवी आहे, हजार डॉलर मानधन, निम्मे आगाऊ. बार्टोक म्हणाले, मी ती पुरी करू शकेन याची खात्री नाही, पैसे नकोत. कुसेवित्स्कींनी सांगितलं की विश्वस्तांचा निर्णय झाला आहे, आता धनादेश परत घेता येत नाही. यामागे मित्रांचा हात होता हे बार्टोकना कुणी सांगितलं नाही. मदत कशी करावी याचा इतका सुरेख नमुना मला दुसरा ठाऊक नाही.

त्या उन्हाळ्यात त्यांना न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला सारानॅक लेक इथं हवापालटाला पाठवलं. तिथं 15 ऑगस्ट ते 8 ऑक्टोबर या काळात 'कॉन्चेर्टो फॉर ऑर्केस्ट्रा' लिहून झाला. आठ आठवडेसुद्धा नाहीत!

पाच भाग आहेत. दुसऱ्या भागात वाद्यं जोडीजोडीनं येतात: बसून, ओबो, क्लॅरिनेट, बासरी, ट्रम्पेट, आणि प्रत्येक जोडीतल्या दोन सुरांमधलं अंतर वेगळं. तिसरा भाग मृत्यूचं गाणं आहे. पण मला बोलायचं आहे ते चौथ्याबद्दल. त्याचं नाव 'इंटरमेझो इंटेरोट्टो', म्हणजे मध्येच तोडलेला इंटरमेझो. सुरुवातीला ओबोवर एक गावाकडची वाटावी अशी धून येते. मग व्हायोला एक रुंद, भरून आलेली चाल वाजवतात. ती इतकी उघडपणे हळवी आहे की बार्टोकच्या एरवीच्या कोरड्या, टोकदार संगीतात दचकायला होतं. तेवढ्यात क्लॅरिनेटवर एक उथळ कवायती चाल घुसते, बाकीची वाद्यं खिदळतात, ट्रॉम्बोन वाकुल्या दाखवतात. गोंधळ ओसरतो आणि व्हायोलिन-व्हायोला तीच चाल पुन्हा, आता दबक्या आवाजात, म्हणतात.

ही घुसखोर चाल शोस्ताकोविचच्या सातव्या सिम्फनीची नक्कल आहे. 1942मध्ये ती सिम्फनी रेडिओवर गाजत होती आणि बार्टोक वैतागले होते. हे किस्से सगळीकडे वाचायला मिळतात. मला जास्त बोलकी वाटते ती व्हायोलांची चाल. झिगमंड विन्त्से या संगीतकाराच्या 1922च्या ऑपेरेटामधलं एक लोकप्रिय गाणं आहे, हंगेरी, तू सुंदर आहेस, अशा अर्थाचं. ही चाल त्याची जवळची बहीण आहे. ऑपेरेटामधलं! ज्या माणसानं शहरी, गोडगोड गाण्यांना हंगेरीचं संगीत म्हणू नका हे सांगण्यात उमेद घालवली, ज्याच्या डोक्यात हजारो अस्सल लोकगीतं होती, त्याला देश सोडल्यावर, आजारपणात, मायदेश म्हणून जे आठवलं ते हे. बाजारू गाणं.

आमचे एक स्नेही ख्यालाशिवाय काही ऐकत नाहीत. पण मंडळाच्या सहलीत बसमध्ये कुणी एखादं जुनं सिनेमातलं गाणं सुरू केलं की खिडकीबाहेर बघत बसतात आणि बराच वेळ वळत नाहीत. बार्टोकचा हा भाग ऐकताना मला ते आठवतात. ओढ काय धरून येईल यावर अभिरुचीचं काही चालत नाही. आणि बार्टोक यांनी तरी तिला लपवलं नाही. आपणच पुढे केलं, आपणच तिच्यावर जगाला हसू दिलं आणि मग पुन्हा उचलून घेतलं.

1 डिसेंबर 1944ला बोस्टनमध्ये पहिला प्रयोग झाला. बार्टोक हजर होते. कुसेवित्स्की खूश होते, लोकही. नंतर त्यांनी शेवट थोडा लांबवून पुन्हा लिहिला. मायदेशी मात्र जाता आलं नाही. युद्ध संपलं आणि 26 सप्टेंबर 1945ला ते न्यूयॉर्कमध्येच गेले. डिट्टासाठी वाढदिवसाची भेट म्हणून लिहीत होते त्या तिसऱ्या पियानो कॉन्चेर्टोच्या शेवटच्या सतरा मापांचं वाद्यवृंदलेखन राहिलं होतं. तिबोर शेर्ली या मित्रानं ते पुरं केलं. डिट्टा पुढच्या वर्षी बुडापेस्टला परतल्या. धाकटा मुलगा पीटर अमेरिकन नौदलात होता, तो इथेच राहिला आणि ध्वनिमुद्रणात नाव कमावलं. अस्थी 1988मध्ये हंगेरीला नेल्या.

ऐकायचं असेल तर राइनर यांनी शिकागो सिम्फनीबरोबर 1955 साली केलेलं ध्वनिमुद्रण शोधा, सहज मिळतं. हे तेच राइनर, पडद्याआडून काम मिळवून देणारे. पाचही भाग मिळून चाळीस मिनिटांच्या आत संपतात. चौथा भाग तर फराळाची ताटं भरता भरता ऐकून होईल, फक्त व्हायोला सुरू झाल्या की कुणाला बोलू देऊ नका.