मारव्याची पट्टी

गेल्या मार्गशीर्षात ती. दादांच्या वर्षश्राद्धासाठी आम्ही सहकुटुंब उज्जैनला गेलो होतो. रामघाटावर प्रभू रामचंद्रांनी दशरथ राजाचे श्राद्ध केले अशी लोकांची श्रद्धा आहे, आणि माळव्यातील मराठी घरांची पावले अशा कार्यासाठी पिढ्यान् पिढ्या तिकडेच वळत आली आहेत. सकाळचे विधी आटोपले, गुरुजींना दक्षिणा दिली, आणि संध्याकाळी पुन्हा घाटाच्या पायऱ्यांवर येऊन बसलो. पलीकडच्या तीरावर दत्त आखाड्यामागे सूर्य टेकला होता. शिप्रेच्या आरतीला अजून अवकाश होता. चिरंजीवांनी खिशातून फोन काढला आणि विचारले, "बाबा, आजोबांचा मारवा लावू?"

आमच्या घरात ‘आजोबांचा मारवा’ म्हणजे उस्ताद अमीर खाँसाहेबांचा. इंदुरात वाढलेल्या या गवयाची ती दीर्घ ध्वनिमुद्रिका १९६० साली निघाली. एका बाजूस मारवा, दुसऱ्या बाजूस दरबारी. पहिला आलाप कानी पडला आणि आम्ही चमकलो. षड्ज खाली होता. चाळीस वर्षे आमच्या कानात बसलेला षड्ज हा नव्हे!

येथे एका जुन्या वादाचा उल्लेख करणे भाग आहे. साधारण १९८३ च्या सुमारास आम्ही एका दुकानातून या मुद्रिकेची कॅसेट भरून आणली. दादांनी ती एकदा ऐकली आणि म्हणाले, "अरे, खाँसाहेब इतके वर गात नसत. आणि इतकी घाईही त्यांना कधी नव्हती. मी समोर बसून ऐकले आहे." तरुणपणाची घमेंड होती, आम्ही उत्तर दिले, "दादा, आठवण चुकते, यंत्र चुकत नाही." ते हसले आणि गप्प राहिले. पुढे ती कॅसेट त्यांनी स्वतः होऊन कधी लावली नाही. त्यांना आता त्या गायनात रस उरला नाही, असा अर्थ आम्ही काढला होता.

घरी परतताच दादांची पेटी काढली. कॅसेटवरचा षड्ज आणि फोनवरचा षड्ज यांत बरोबर शेजारच्या पट्टीचे अंतर निघाले. मग एका स्नेह्यांकडून मूळ तबकडी मागून आणली. तिने फोनच्या बाजूने साक्ष दिली. दुकानातील तबकडीची चकती जलद फिरत असावी, नाही तर फीत भरताना सावकाश सरकत असावी, परिणाम एकच. यंत्राचा वेग शंभरास सहाने वाढला की षड्ज पेटीवरील पुढच्या पट्टीवर जातो, आणि वीस मिनिटांचे गाणे एकोणीस मिनिटांच्या आत संपते. गवई पट्टी न बदलता लय वाढवू शकतो, लय न हलवता पट्टी चढवू शकतो. साध्या फिरत्या यंत्राला या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत.

वाचक म्हणतील, एका पट्टीने असे काय बिघडते? पाश्चात्त्यांच्या घरगुती मैफलीतील रचनेची पट्टी रचनाकार ठरवून देतो. आपल्या बैठकीच्या गाण्यात गवई आपल्या गळ्याप्रमाणे षड्ज धरतो, राग तोच राहतो. हे खरे. पण मारव्याच्या बाबतीत मोठी गंमत आहे. कोमल ऋषभ, तीव्र मध्यम आणि वर्ज्य पंचम हे त्याचे साहित्य. पूरिया आणि सोहनी यांचेही नेमके तेच. तिघांत भेद कशाने होतो? कोणत्या स्वरावर थांबावे, कोणत्या सप्तकात रमावे आणि किती सावकाश चालावे, यांवरून. पूरिया गंधार-निषादाकडे झुकतो आणि मंद्रात रमतो. सोहनी तार सप्तकात चपळ फिरते. मारवा ऋषभ-धैवतावर तिष्ठतो आणि षड्जाला लांबून पाहतो. घर दिसते, पण पाऊल आत पडत नाही. खाँसाहेब हा विरह चौदा मात्रांच्या झूमऱ्यात, अतिविलंबित लयीत, मंद्राच्या घुमाऱ्यात उलगडतात. आमच्या कॅसेटमध्ये तो घुमारा पातळ झाला होता आणि दोन स्वरांमधील शांतता आखूड झाली होती. राग मारवाच होता, पण त्याच्या मुद्रेवर सोहनीची लगबग आली होती.

दरबारीचे नुकसान त्याहून अधिक. त्यातील कोमल गंधाराचे आंदोलन म्हणजे जड पडदा वाऱ्याने हलावा तसे. कॅसेटवर तो नुसता थरथरत होता. त्या थरथरीलाच आम्ही गंधाराची खुमारी समजत आलो, आणि ती चारचौघांना ऐकवून वर विवेचनही करत आलो! ज्यांनी ते ऐकून घेतले त्यांची या पानावर क्षमा मागतो.

आरंभीच्या काळात तबकड्यांचा वेगही सर्वत्र सारखा नव्हता. मिनिटास ७८ फेरे हे मान पुढे स्थिरावले. तेव्हा जुन्या गवयांच्या गळ्याविषयी घराघरांत जी ठाम मते आहेत, त्यांतली काही यंत्राने बनवलेली असणे अशक्य नाही. ज्यांच्याकडे अशा कॅसेटी आहेत त्यांनी मूळ मुद्रिकेवर छापलेली वेळ घड्याळाशी ताडून पाहावी. मिनिटभराची तफावत आली तर पेटी काढावी. आणि घरात कोणी वडीलधारे असतील, प्रत्यक्ष मैफल ऐकलेले, तर प्रथम त्यांना विचारावे.

त्या संध्याकाळी घाटावर विलंबित ख्याल पुरता झालाच नाही. आरतीच्या घंटा सुरू झाल्या आणि चिरंजीवांनी फोन बंद केला. कॅसेट आम्ही टाकलेली नाही. तिच्या वेष्टनावर ‘वेग अधिक आहे, दादांचे म्हणणे बरोबर’ असे लिहून ती त्यांच्या पेटीशेजारी ठेवली आहे.