मागचा जिना

प्रति,
सीडी प्रोजेक्ट रेड,
वॉर्सा, पोलंड



तुमच्या खेळातल्या हानाको अरासाका बाई एम्बर्स हॉटेलात माझी वाट बघत बसल्या आहेत, त्याला आता चार महिने होत आले. लिफ्टने वर जायचं आणि त्यांची भेट घ्यायची, एवढंच काम उरलंय. पण एकदा वर गेलं की ‘सायबरपंक २०७७’ची गोष्ट शेवटाकडे धावायला लागते, म्हणून जगभरचे खेळाडू तिथं जायचं टाळतात आणि शहरभर उंडारत राहतात. बाई ताटकळल्यात यावर इतके विनोद झालेत की तुमच्याही कानावर आले असतील. माझं कारण मात्र वेगळं आहे. मी एम्बर्सचा मागचा जिना शोधतेय.

आधी ओळख सांगते. वय पंचावन्न, राहणार ठाणे. मुलगा नोकरीसाठी बेंगळुरूला गेला, त्याचा कॉम्प्युटर घरी राहिला आणि त्यावर तुमचा खेळ. गोळीबार मला जमत नाही. गाडी चालवताना मी हमखास फुटपाथवर चढते आणि मग पोलीस मागे लागतात. त्यामुळे जोखमीची कामं जमतील तेवढी पुढं ढकलून मी नाइट सिटीत नुसती हिंडते, आणि हिंडताना बघते ती हॉटेलं. ही खोड घरची. माझे वडील मुंबईत वेटर होते. कुठल्याही हॉटेलात शिरले की मेन्यू कार्ड उघडायच्या आधी ते भटारखान्याचं दार कुठं आहे ते बघून घ्यायचे.

तुमचं शहर मला एकच मोठं हॉटेल वाटतं, मजल्यामजल्यांचं. सगळ्यात खाली आफ्टरलाइफ. पूर्वीचं शवागार, आता भाडोत्री लढवय्यांचा बार. जिना उतरून जायचं, दाराशी धिप्पाड एमरिक उभा, आत हिरवट उजेड, एका कोपऱ्यात ‘रोग’ नावाची बाई आपला दरबार मांडून बसलेली. इथं दारूच्या ग्लासाला मेलेल्या माणसाचं नाव देतात. खेळात मेलेला माझा दोस्त जॅकी वेल्स, त्याच्या नावाने मिळतं ते व्होडका, लिंबाचा रस आणि जिंजर बिअर. हा मान मिळवायचा तर मरण गाजायला हवं. शवागारात बार काढणं आणि मेनूकार्डालाच स्मशानातल्या नोंदवहीसारखं करून टाकणं, ही कल्पना ज्या कोणाची असेल त्याला माझा नमस्कार सांगा.

रस्त्याच्या पातळीवर टपऱ्या आहेत, वाफाळणारी नूडल्स आहेत, आणि काबुकीत लिझीज बार आहे. संध्याकाळी सहाला उघडणारा, सकाळी सहाला मिटणारा, ‘मॉक्स’ टोळीने आपल्या बायाबापड्यांना राखण्यासाठी चालवलेला. त्याच्या तळघरात ज्युडी अल्वारेझ दुसऱ्यांचे अनुभव कापून-जोडून विकण्याजोगे करते. जपानटाउनात मेगाबिल्डिंगच्या पोटात, वरच्या मजल्यावर क्लाउड्स आहे. तिथल्या मुलामुलींच्या डोक्यात चिप बसवलेली, गिऱ्हाइकासमोर काय घडलं ते पाळी संपल्यावर त्यांना आठवत नाही. आणि सगळ्याच्या वर एम्बर्स. काचा, पियानो, खालच्या दिव्यांचा समुद्र म्हणे. त्या भेटीच्या कामगिरीला तुम्ही शोपॅंच्या नॉक्टर्नचं नाव दिलंय. कॅलिफोर्नियातल्या त्या शहराच्या माथ्यावर वॉर्साने हळूच आपला माणूस नेऊन बसवला, हे मला फार आवडलं.

माइक पॉन्डस्मिथ यांनी १९८८ साली कागद, पेन्सिल आणि फाशांच्या खेळासाठी हे विश्व रचलं. त्या कथेत नाइट सिटीची स्थापना १९९४ची, आणि तुमच्या कंपनीचीही १९९४चीच. शहर वसवणारा रिचर्ड नाइट चारच वर्षांत मारला गेला आणि शहराला त्याचं नाव लागलं. म्हणजे आफ्टरलाइफमधली रीत शहराने आधीच घालून दिली होती म्हणायची.

आता तक्रारीकडे येते.

या शहरात खातात काय, ते तुम्ही बारकाईने ठरवलंय. खरं मांस श्रीमंतांच्या ताटात, बाकीच्यांना टाक्यांमध्ये वाढवलेली एकपेशी प्रथिनं. पिझ्झ्यावर टोळांचं पेपरोनी. कोपऱ्याकोपऱ्यावर मशिनं, त्यांतून बरिटो आणि ‘निकोला’ नावाचं पेय. जाहिराती तर अशा की भूक मरावी. पण हे सगळं रांधतं कोण? मी काउंटरच्या पलीकडे डोकावून पाहिलं. बाटल्या आहेत, ग्लास आहेत, मोरी नाही. बहुतेक काउंटरवर गेलं की वस्तूंची यादी उघडते, पैसे वजा होतात, विकणारा माझ्याकडे धड बघतही नाही. १९८२च्या ‘ब्लेड रनर’मध्ये नूडलवाला म्हातारा चार मागणाऱ्या गिऱ्हाइकाशी दोनच पुरेत म्हणून हुज्जत घालतो. जेमतेम काही सेकंदांचा प्रसंग, पण तेवढ्यात कळतं की या माणसाला स्वतःचं मत आहे, बहुधा सकाळपासून पायही दुखताहेत.

भटारखाने तुमच्याकडे अगदीच नाहीत असं म्हणणार नाही. काही ठिकाणी मला ते सापडले. पण मी तिथं शिरले ती दबक्या पावलांनी, पहारेकऱ्याची नजर चुकवत. म्हणजे मागचं दार आहे, पण ते चोराचं आणि मारेकऱ्याचं. ज्यांचं ते खरं आहे, म्हणजे पहाटे चारला कचऱ्याचा डबा दोघांत उचलून खाली नेणारे, ते त्या दारातून ये-जा करताना मला दिसले नाहीत. गल्ल्यांत कचऱ्याचे ढीग मात्र हौसेने रचलेत. एकेक पिशवी चमकते.

सगळा दोष तुमच्या पदरात घालत नाही. आफ्टरलाइफच्या काउंटरमागची क्लेअर आहे, तिला नवरा गमावल्याचं दुःख आहे आणि शर्यतीचं वेड आहे. हेवूडमध्ये जॅकीच्या आईचा एल कोयोते कोहो आहे. जॅकीच्या आठवणीसाठी तिथं माणसं जमतात तेव्हा बाई ज्या तऱ्हेने उभ्या असतात, ते बघून मी खेळ थांबवून पाणी प्यायले. पण या दोघी काउंटरच्या मालकिणीच म्हणायच्या. त्यांच्याही मागे जो कोणी आहे, त्याचं काय?

आणि मग ब्रेंडन. जपानटाउनातलं खाऊपिऊचं बोलकं मशीन. कुणीतरी त्याच्यासमोर कचऱ्याची पेटी आणून ठेवलेली, ती मी सरकवून दिली तर केवढा खूश झाला. थिओ नावाची मुलगी त्याच्यापाशी मन मोकळं करते, तो तिला समजुतीच्या चार गोष्टी सांगतो. शेवटी त्याला दुरुस्तीच्या नावाखाली उचलून नेतात. तुमच्या अख्ख्या शहरात गिऱ्हाइकाची मनापासून विचारपूस करणारा विक्रेता कोण, तर एक पेटी! हा टोमणा तुम्ही जाणूनबुजून मारला असेल तर तो मला लागलाय. पण मशिनाला तुम्ही जेवढा वेळ दिलात, त्याच्या अर्धा तरी एखाद्या पोऱ्याला द्यायचा होता.

माझे वडील ज्या हॉटेलात होते त्यालाही मजले होते. खाली साधा हॉल, संगमरवरी टेबलं, पंखे. वर एसी फॅमिली रूम. एकाच तव्यावरची सुरमई, पण जिना चढली की महाग व्हायची. वडील हसत म्हणायचे, माशाने लिफ्टचं भाडं दिलं. लिफ्ट नव्हतीच, ताटं तेच चढवायचे. त्या दोन मजल्यांच्या मध्ये होता पोटमाळा. उभं राहिलं तर डोकं आपटायचं. तिथं नऊजणांच्या ट्रंका, दोरीवर सुकणारे शर्ट आणि एक आरसा. शटर पडलं की कोणी माळ्यावर चढायचं, कोणी खालचीच बाकडी जोडून आडवं व्हायचं. मोरीवर दोन मुलं होती, सोड्याने त्यांची बोटं कायम पांढरी पडलेली. एकाला वडिलांनी घरी जेवायला आणलं होतं. त्याने आपलं ताट तर घासलंच, आम्ही नको नको म्हणत असताना सगळ्यांची ताटं घासून उपडी घातली आणि मगच निघाला.

आणि इमारतीच्या मागे लोखंडी गोल जिना. जुन्या मुंबईतल्या कितीतरी इमारतींना तो असायचा. मैला आणि कचरा वाहणाऱ्यांनी पुढच्या जिन्याने येऊ नये म्हणून तो बांधलेला. कोण कुठून चढणार, हे इमारतीच्या नकाशातच लिहिलेलं असे. तुम्ही माणसाच्या हाडात पोलाद बसवण्याचे शंभर प्रकार कल्पिलेत. उंच इमारत माणसांची अशी वाटणी कशी करते, ते जिन्यावरून जितकं चटकन कळतं तितकं त्या पोलादावरून नाही कळत.

जिन्याचं आणखी एक. २०१७च्या डिसेंबरात, २८ आणि २९ तारखेच्या मधल्या रात्री, लोअर परळच्या कमला मिल आवारात गच्चीवरच्या हॉटेलांना आग लागली आणि १४ जण गेले. जिथं कधीकाळी पाळीचे भोंगे वाजायचे त्या आवारात. वडील तेव्हा हयात होते. टीव्हीसमोर बसून त्यांनी एकच प्रश्न विचारला, “जिना किती रुंद होता?” तेव्हापासून उंचावरच्या कुठल्याही हॉटेलात बसले की माझी नजर आधी दार शोधते. एम्बर्समध्येही तेच होणार. मला दिसली आहे ती फक्त लिफ्ट.

आता जे लिहिते ते तुम्हाला रुचणार नाही. तुमच्या स्वतःच्या इमारतीलाही मागचा जिना आहेच. हा खेळ २०२०च्या १० डिसेंबरला आला, त्याआधीच्या काही आठवड्यांत तुमच्या माणसांना आठवड्याचे सहा दिवस काम करणं सक्तीचं केलं होतं, तेही सक्ती करणार नाही असं आधी सांगून. इतकं करून जुन्या प्लेस्टेशनवर खेळ असा अडखळला की आठवड्याभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला. परत ठेवला तो २०२१च्या जूनमध्ये. त्याआधी जानेवारीत तुमचे सहसंस्थापक मार्चिन इविन्स्की यांनी व्हिडिओतून माफी मागितली, दोष खालच्यांवर न ढकलता वरच्यांचा म्हटला, हे मी विसरलेले नाही. नंतर तुम्ही खेळ निगुतीने दुरुस्त केलात. २०२३मध्ये २.० आवृत्ती आली, ‘फँटम लिबर्टी’ ही पुरवणी आली. करपलेलं पातेलं टाकून न देता घासून लख्ख करणारी माणसं मला आवडतात. पण ते पातेलं रात्री जागून ज्यांनी घासलं, त्यांचा नाइट सिटीत एक तरी वारसदार असायला नको का?

तुम्ही आता पुढच्या खेळाच्या तयारीला लागला आहात. त्यात आणखी एक शहर असेल, बिघडलेल्या शिकागोसारखं, असं पॉन्डस्मिथ बोलून गेलेत. तिथंही रोषणाईचे मजले येणार. माझं मागणं मोठं नाही. मला एका रात्रीपुरती वेटरची पाळी द्या. बंदूक नको, हातात फडका द्या. सहा टेबलं, त्यातलं एक दारू चढलेलं, एकावर टोळीवाला बसलेला, एकावर पहिल्यांदाच भेटणारी दोघं. ऑर्डर लक्षात ठेवायची, भटारखान्यात ओरडून सांगायची, वस्तादाच्या शिव्या खायच्या. फुटलेला ग्लास कोणाच्या पगारातून कापायचा, यावरून शेठशी वाद घालायचा की गप्प बसायचं, हे मला ठरवू द्या. तुमच्या खेळात निवड करण्याला फार महत्त्व आहे ना, मग ही निवड देऊन बघा. बारा वाजता टिपांची वाटणी होते, तेव्हा मोरीवरच्या पोराला किती द्यायचे? या प्रश्नावर मी माणसं दहा-दहा वर्षं एकमेकांशी अबोला धरताना पाहिली आहेत.

आणि पाळी संपल्यावर मला घरी जाऊ द्या. २०२३च्या डिसेंबरात तुम्ही शहरातली मेट्रो खरोखर बसण्याजोगी केलीत, तेव्हा मी पहिल्याच रात्री सगळे मार्ग फिरून आले. खिडकीतून शहर सुंदर दिसतं. पण पहाटेच्या डब्यात तळणाचा वास अंगावर घेऊन, तोंड उघडं टाकून झोपलेला माणूस नव्हता. आमच्या पहिल्या लोकलमध्ये तो असतो. त्याचं स्टेशन आलं की शेजारचा त्याला हलवून उठवतो, ओळख असो-नसो.

क्लाउड्सबद्दल एक राहिलं. पाळी संपली की काहीच आठवत नाही, ही तुमची चिप मला आधी भयंकर वाटली होती. मग वडील आठवले. रात्री दीडला घरी यायचे, आई विचारायची, आज काय झालं? ते म्हणायचे, काही नाही. रोज तेच उत्तर. इतक्या वर्षांत कोणी त्यांच्यावर हात उगारला असेल, कोणी ताट भिरकावलं असेल, एखाद्या बाईने जाताना मायेने काही म्हटलं असेल. आम्हाला त्यातलं काही कळलं नाही. त्या ‘काही नाही’च्या आत जे होतं ते लिहिणारं कोणी तुमच्या टेबलावर असेल, तर नव्या शहराचं काम त्याच्याकडे द्या.

आज शनिवार आहे, आज रात्री मी एम्बर्सला जाणार. हानाको बाईंना फार थांबवलं. लिफ्टमधून बाहेर पडले की आधी पियानोच्या मागच्या भिंतीपाशी जाईन आणि तिथं कुठं दार दिसतंय का ते बघेन. त्यांना म्हणावं, आणखी दोन मिनिटं.

कळावे,

ठाण्याची एक गिऱ्हाईक