गाडीखालचा पुठ्ठा

गेल्या आठवड्यात इथे एका ताईंनी विचारलं की जुन्या गाडीचं इंजिन ऑइल गळतंय, काय करू? उत्तरं वाचून राहवलं नाही. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

उत्तरं तीन प्रकारची होती. एक, "जुनी गाडी गळणारच, खाली पुठ्ठा ठेवा आणि ऑइल घालत राहा." दोन, "काढून टाका, नवीन घ्या." आणि तीन, सगळ्यात जास्त लाइक मिळालेलं: "ऑगस्टमध्ये इंडियातून स्टुडंट्स येतात, त्यांना विका. कोण वाकून बघतंय!" गाडी गळते कुठून, हे मात्र कोणीच विचारलं नाही.

आमची 2009 ची गाडी दीड वर्ष गळत होती. पहिल्या गॅरेजने ऑइल पॅनचं गॅस्केट बदललं, कारण थेंब तिथून पडत होते. महिन्याभरात परत डाग. मग दुसऱ्याने वरच्या व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट बदललं. चार महिन्यांनी परत तेच. एकूण 750 डॉलर गेले.

तिसऱ्या मेकॅनिकने आधी इंजिन स्वच्छ धुतलं, ऑइलमध्ये यूव्ही डाय टाकला आणि दोन दिवस गाडी चालवून परत या म्हणाला. मग यूव्ही टॉर्च घेऊन वरून खाली बघत गेला. ऑइल व्हॉल्व्ह कव्हरच्या कडेने पाझरून पॅनपर्यंत ओघळत होतं. नवीन गॅस्केट का टिकलं नाही? पीसीव्ही व्हॉल्व्ह चोंदला होता. पिस्टनच्या कडेने थोडा वायू खाली क्रँककेसमध्ये उतरतोच. तो परत इंजिनात जळायला पाठवायचा मार्ग म्हणजे हा व्हॉल्व्ह. तो बंद झाला की आत दाब वाढतो आणि ऑइल सापडेल त्या फटीतून बाहेर येतं. व्हॉल्व्ह 18 डॉलरचा. गॅस्केट आणि मजुरी धरून 240. दोन वर्षं झाली, ड्राइव्हवे कोरडा आहे.

मी सीए आहे. ट्रायल बॅलन्स जुळला नाही तर फरक सस्पेन्स खात्यात टाकून वर्ष बंद करता येत नाही. गळत्या गाडीत नुसतं ऑइल ओतत राहणं तेच आहे. एखाद्या महिन्यात लेव्हल बघायची राहून गेली तर बेअरिंग खराब होऊन इंजिन जाम होतं. गरम एक्झॉस्टवर ऑइल पडलं तर धूर येतो, कधी आगही लागते.

"नवीन घ्या" वाल्यांनाही तेच सांगेन. कधी कधी गाडी काढणंच बरोबर असतं. रिअर मेन सील गळत असेल तर सील स्वस्त, पण बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, मजुरी भरमसाट. पण हा निर्णय गळती सापडल्यावर घ्यायचा. पाच वर्षांचे हप्ते अंदाजाने कशाला गळ्यात बांधून घ्यायचे?

आता तो स्टुडंट. डोक्यावर कर्ज, इथे क्रेडिट हिस्टरी नाही, आणि "आपली मराठी माणसं आहेत" म्हणून तो तुमच्याकडे येतो. तुम्ही पुठ्ठा उचलून आत ठेवता, ड्राइव्हवे धुता आणि "अ‍ॅज इज" लिहून त्याची सही घेता. कागदावर कदाचित सुटाल हो. पण रात्री हायवेवर इंजिन बंद पडेल तेव्हा गाडीत तो पोरगा असेल. दोन बॅगा घेऊन आपणही असेच उतरलो होतो ना? विकायची तर खुशाल विका, पण गळती सांगून, लिहून देऊन आणि किंमत कमी करून. आपली गाडी शिकायच्या वयातली मुलंही हा सौदा बघत असतात.

ताई, तुमच्यासाठी: आधी इंजिन धुवून, डाय टाकून गळती शोधायला सांगा; पार्ट नंतर. पीसीव्ही व्हॉल्व्ह बघितला का, हे आवर्जून विचारा. तोवर दर आठवड्याला, गाडी सपाट जागी बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक बघा. आणि ऑइलचा लाल दिवा लागला तर "घरापर्यंत जाऊ" म्हणू नका. बाजूला घ्या, इंजिन बंद करा.